बुक्का जेवत नाही

"बुक्का, ये रे राजा. ताकभात आहे बघ," मी म्हटलं. त्या सकाळची ती सहावी हाक होती. पहिल्या पाच हाकांत आवाजात जेवढा गोडवा होता, तो आता संपत आला होता.

बुक्का भिंत आणि कपाट यांच्या बेचक्यात नाक खुपसून उभा होता. तिथं काही नव्हतं. एक जुनी केरसुणी होती, तीही मी आदल्या दिवशी काढून ठेवली होती, कारण त्यानं तिच्यावर लघवी केली होती. मी थाळी त्याच्या नाकाखाली सरकवली. त्यानं वास घेतला, मान वळवली आणि जागच्या जागी एक गिरकी घेऊन पुन्हा बेचक्यात तोंड घातलं.

"अक्का," मधल्या भिंतीपलीकडून माझी धाकटी जाऊ प्रमिला म्हणाली, "कीर्तनातला कुत्रा आहे तो. असा नुसता बोलावून येतोय होय? पेटी-तबला लावा आणि बोलवा."

प्रमिलाच्या टोमण्याला उत्तर द्यायचं नाही, हे मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ठरवलं होतं. ते मला कधी जमलं नाही.

"तुझी भाजी करपतीय तिकडं," मी म्हटलं.

भाजी करपत नव्हती. पण ती आत गेली.

याला आता बारा वर्षं झाली. कुरुंदवाडच्या आमच्या घराचे तेव्हाही दोन भाग होते, एकात धाकटे दीर आणि प्रमिला, दुसऱ्यात मी. हे जाऊन सहा वर्षं झाली होती. टेलिफोन खात्यातून मी निवृत्त झाले होते. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. त्यामुळे माझं काय ते सुख कानाचं. आणि कानाचं सुख म्हणजे कीर्तन. पूर्वरंग सुरू झाला की मी घर विसरायची आणि उत्तररंगात एखादं आख्यान रंगात आलं की पदराचं टोक ओलं झाल्याशिवाय राहायचं नाही. हे गेले त्या वर्षी मी महिना दीड महिना घराबाहेर पडले नव्हते. पडले ती माधवबुवा आळतेकरांच्या कीर्तनाला. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या गोपाळकृष्णाच्या देवळात बुवांचं एकही कीर्तन मी चुकवलं नाही.

बुक्क्यानंही नाही. तो बुवांचा कुत्रा. लहानपणी कपाळाला लावायच्या बुक्क्यासारखा काळाभोर होता म्हणून बुवांनी ते नाव ठेवलेलं. देवळात कीर्तनासाठी लाकडी फळ्यांचा बुटका मंच मांडत. बुवा उभे राहत, मागे पेटी, तबला, झांजा, आणि बुवांच्या पायांमागे हा. हनुवटी फळीवर टेकून, डोळे मिटून. दोन-दोन तास हलायचा नाही. आरतीची वेळ झाली की कुणी न सांगता उठून उभा राहायचा. आरतीनंतर बुवा एकेकाच्या कपाळाला बुक्का लावत, सगळ्यात शेवटी याच्या. लोक लांबून बघायला यायचे. "माझा हा एकच श्रोता मध्ये घड्याळ बघत नाही," असं बुवा म्हणायचे आणि सभामंडपात हशा पिकायचा. मी शेजारणीला सांगायची, बघ, डोळे मिटून कसा कान लावून ऐकतोय, आपल्याला तरी जमतं का?

मग बुवांना अर्धांगाचा झटका आला. तीन आठवडे दवाखान्यात होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यातच जमा. मुलगी ज्योत्स्ना त्यांना पुण्याला आपल्याकडे न्यायला आली. तिच्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता. गाडी देवळासमोर उभी होती, बुवा मागच्या सीटवर उशांच्या आधारानं बसलेले आणि बाहेर चार माणसं बुक्क्याचं काय करायचं यावर बोलत होती. देवळात नवी फरशी बसत होती, त्यामुळे तिथं नको. कुणाची सून बाळंत, कुणाच्या घरी मांजर. चौदा वर्षांचं जनावर, किती दिवसांचं आहे, असंही कुणीतरी म्हणालं.

"मी नेते," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं. "एवढी कीर्तनं ऐकलेला जीव आहे. माझ्या घरी त्याच्या पायानं पुण्यच येईल."

बुवांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं, पण ज्योत्स्ना गाडी सुरू करायला सांगत होती. मी हात जोडले आणि बुक्क्याच्या गळ्यातला पट्टा धरला.

पुण्य पहिल्याच दिवशी देवघराच्या उंबऱ्यावर सांडलं.

माझं सोवळं फार कडक नव्हतं, पण होतं. देवघर गोमूत्रानं पुसलं, त्याला आंघोळ घातली, स्वतः केली. दुपारी पुन्हा तेच. पायरी चढता येत नव्हती म्हणून त्याला उचलून आत घ्यायचं, तर वीस किलोचं धूड आणि माझे गुडघे. आत घेतलं की बाहेर जायचं असे, बाहेर नेलं की तो ज्या जागी उभा असेल तिथंच गिरक्या घेत राही. तोंडाला वास, अंगाला वास. मी एकटी कोपऱ्यावर दूध आणायला गेले, तर तेवढ्यात त्यानं दार इतकं खरवडलं की पुढच्या पायाच्या नखातून रक्त आलं. म्हणजे एकटं सोडायचीही सोय नाही.

आणि तो अधिक महिना होता. देवळाची फरशी बसेपर्यंत शेजारच्या शाळेच्या पटांगणात मांडव घालून रोज संध्याकाळी कीर्तन चाललं होतं. सांगलीहून एक तरुण बाई येत होत्या. लोक म्हणत, आवाज असा की मांडवाचे बांबू डोलतात. गेल्या वीस वर्षांत अधिक महिन्यातलं कीर्तन माझ्या हातून सुटलं नव्हतं. आता मी घरात बसून लाउडस्पीकरवरून येतील तेवढे तुकडे वेचत होते. वारा फिरला की आख्यान मधूनच तुटे. आई मुलाला सोडून निघाली इथपर्यंत ऐकू येई आणि पुढं नुसती रिक्षाची घरघर.

हेही मी सोसलं असतं. पण लाउडस्पीकरवर झांजा वाजायला लागल्या तरी बुक्क्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी बुवांच्या कीर्तनाची जुनी कॅसेट शोधून काढली, टेपरेकॉर्डर त्याच्या डोक्याशी ठेवला आणि आवाज मोठा केला. खुद्द बुवांचा आवाज. तो पोटात पाय घेऊन पडून राहिला. मग उठला आणि टेपरेकॉर्डरच्या वायरवर धार सोडली.

खरं सांगते, मला त्याचा राग आला. अकरा वर्षं कीर्तनाला बसलेला जीव, त्यानं कानसुद्धा टवकारू नये? मला वाटलं, हा देवळात भक्तीनं नाही, प्रसादाच्या लोभानं बसत होता. प्रसाद तरी खा मग. तेही नाही. बुवा दवाखान्यात असताना पुजाऱ्यानं टाकलेल्या बिस्किटांवर त्यानं कसेबसे दिवस काढले होते. माझ्याकडे आल्यापासून तेवढंही नाही. ताकभात, दूधपोळी, शिरा, शेवटी प्रमिलाच्या स्वयंपाकघरातून दिरांसाठी केलेलं उकडलेलं अंडंसुद्धा मी मागून आणलं. माझ्या घरात कधी अंडं आलं नव्हतं. त्यानं त्याकडेही पाठ फिरवली. चार दिवसांत फक्त पाणी.

तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर चौगुले येऊन गेले होते. तरुण माणूस, हात मात्र फार हलका. त्यांनी दात पाहिले, पोट दाबून पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली.

"मावशी, याला ऐकायला येतं का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना जवळजवळ झापलंच. "ऐकायला? अहो, अकरा वर्षं कीर्तन ऐकलंय यानं. तुम्ही-आम्ही काय ऐकलं असेल."

ते हसले. दुखणं असं काही नाही म्हणाले, वय आहे. पण असा उपाशी राहिला तर मूत्रपिंडं बंद पडतील. उद्या संध्याकाळपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर मला कळवा. मग काय करणार, असं मी विचारलं. त्यांनी बॅग बंद केली आणि बघू म्हणाले. त्या बघूचा अर्थ मला कळला.

ती उद्याची संध्याकाळ म्हणजे हीच, सकाळी माझ्या सहा हाका वाया गेल्या त्याच दिवसाची. पाच वाजले. मांडवात पेटीचा सूर लागला. थाळीतला ताकभात वरून सुकला होता. मी तो काढून टाकला, थाळी धुतली, नवा कालवला आणि पुन्हा ठेवला. मग ओट्याशी उभी राहून मी एका चिठ्ठीवरचा नंबर बघत राहिले. पांजरपोळाचा होता. प्रमिलानं दुपारी आणून दिला होता, तोही टोमणा न मारता. त्यामुळे तर मला जास्तच वाईट वाटलं. गावासमोर मोठ्या तोंडानं नेते म्हटलं होतं मी. आता गावासमोर पाठवायचं.

निम्मे आकडे दाबले असतील, तेवढ्यात माझाच फोन वाजला. ज्योत्स्ना होती. बाबा सारखी खूण करतायत, बुक्क्याबद्दल विचारायचंय म्हणतात बहुतेक. त्यांचं बोलणं काही समजत नाही हो, मीच विचारते.

"त्यांच्याकडे द्या," मी म्हटलं.

"तुम्हाला कळणार नाही, काकू. घरात आम्हालाही कळत नाही."

"द्या तर."

तीस वर्षं मी पावसाळ्यातल्या तारांवरून माणसांची बोलणी ओळखली होती. अर्धी अक्षरं खरखरीत जायची आणि उरलेल्या अर्ध्यांवरून कोण मेलं, कोण जन्मलं, हे सांगावं लागायचं. बुवांचा आवाज तसाच होता. अक्षरांच्या कडा झिजलेल्या, मध्येच नुसता श्वास. डोळे मिटले की मला कळत होतं.

"जेवतो का?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवतो की. ताकभात. थाळी चाटून पुसून."

बुवा म्हणाले, त्याच्या कानाशी फोन धरा.

मी धरला. फोनमधून बुवांनी हाक मारली. दोन अक्षरी नाव, तेही त्यांना नीट म्हणता येत नव्हतं, तरी तीनदा मारली. बुक्का पुढचा पाय चाटत होता. चाटतच राहिला. मी फोन पुन्हा माझ्या कानाला लावला.

"ओळखलं हो त्यानं," मी म्हटलं. "कान टवकारले. शेपटीसुद्धा हलवली."

मग एक घोगरा, तुटक आवाज यायला लागला. मला वाटलं बुवा रडतायत. मग लक्षात आलं, ते हसत होते.

"वत्सलाबाई," ते म्हणाले, "तो ठार बहिरा आहे. चार वर्षं झाली."

मी ओट्याला टेकून खाली बसले. लाज वाटायला हवी होती, पण आधी राग आला.

"मग हे सांगायचं नाही का तुम्ही?" मी म्हटलं. "चार वर्षं आम्ही सगळे त्याला श्रोता म्हणतोय. मी कीर्तनाचा कुत्रा म्हणून आणला त्याला, बुवा."

"म्हणूनच नाही सांगितलं." एक लांब श्वास. "बहिरा, म्हातारा. कोणी नेला असता?"

गाडीच्या काचेतून हलणारे ओठ मला आठवले. ते काही सांगत नव्हते, सांगावं की नाही हे ठरवत होते.

"जेवत नाही ना?" बुवांनी विचारलं.

मग मी सगळं ओतलं. चार दिवस घास नाही. देवघर, वायर, दार, नखं. डॉक्टरांनी दिलेली वेळ. माझी बुडालेली कीर्तनं. एवढ्या मोठ्या माणसाशी मी आयुष्यात अशी बोलले नव्हते. बुवांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबले तेव्हा ते हळूहळू बोलायला लागले आणि मी एकेक अक्षर वेचून घेतलं.

कीर्तनात बुवा उजव्या पायानं ठेका धरत. फळीवर. ते आम्ही सगळ्यांनीच बघितलेलं, पण बघितलं कोणी? कान गेल्यावर बुक्क्यानं हनुवटी फळीला टेकायला सुरुवात केली. पाय चालू आहे तोवर बुवा आहेत. पाय थांबला की आरती. आरतीनंतर कपाळाला बुक्का. बुक्क्यानंतर जेवण. कीर्तन नसेल त्या दिवशीही घरी ओसरीवर फळी टाकून बुवा संध्याकाळी म्हणायला उभे राहत, तेव्हाही हाच क्रम. चार वर्षं तो असाच जेवत आला होता. मी त्याला हाका मारत होते आणि त्याच्या लेखी अजून कीर्तन उभंच राहिलं नव्हतं.

"पाय तर गेला माझा," बुवा म्हणाले. त्यानंतर त्यांचं काही कळलं नाही, मलाही.

मी उठले आणि उजवा पाय जमिनीवर आपटला. शहाबादी फरशी. पुन्हा आपटला. माझ्या गुडघ्यात कळ गेली, बुक्क्याला काही पोचलं नाही.

"अक्का, काय कांडताय?" प्रमिला दारात येऊन उभी राहिली.

माझ्या घरात लाकडाची जमीन नव्हती. देवघरातला बसायचा पाट होता, पण तो वीतभर. मी त्याच्यावर उभी राहिले तर बुक्क्याच्या हनुवटीला जागा कुठली? मग माझी नजर कपाटामागं गेली. ज्या बेचक्यात तो चार दिवस नाक खुपसून उभा होता, तिथंच, पण मागं, चादरीत गुंडाळून उभा केलेला होता तो. सत्यनारायणाच्या पूजेचा सागवानी पाट. लांब, नवरा-बायको शेजारी बसतील असा. ह्यांच्या वडिलांनी आमच्या लग्नात करून घेतला होता. दरवर्षी श्रावणात त्याच्यावर आम्ही दोघं बसायचो. मांडी लांब पसरायची ह्यांची खोड आणि मी कडेला सरकत सरकत पाटाखाली येणार, हे ठरलेलं. हे गेल्यावर मी तो गुंडाळून ठेवला. एकटीनं बसायचं नसतं त्याच्यावर.

मी चादर ओढली.

"अक्का, तो पाट?" प्रमिला म्हणाली. "कुत्र्याला?"

"धर त्या बाजूनं," मी म्हटलं.

मग तिनं पदर खोचला आणि तिची बाजू उचलली. पाट खोलीच्या मध्यभागी आडवा घातला. मी बुक्क्याला पोटाखाली हात घालून बेचक्यातून ओढून आणलं आणि पाटाच्या एका टोकाशी बसवलं. तो लगेच उठून उभा राहिला आणि गिरक्या घ्यायला लागला.

"बुवा, लाइन सोडू नका," मी फोनमध्ये म्हटलं. नोकरीत रोज शंभरदा म्हटलेलं वाक्य. फोनचा आवाज मोठा करून तो खुर्चीवर ठेवला. "तुम्ही म्हणा. पाय मी धरते."

मग बुवांनी सुरुवात केली. त्याला गाणं म्हणता आलं नसतं. सूर होता, पण शब्द एकाला एक चिकटलेले, ओळीच्या शेवटी दम नाही. कुठलं पद आहे ते मला शब्दांवरून नाही, बुवा जिथं श्वास घेत त्या जागांवरून कळलं. तीनशे वेळा ऐकलं असेल. मी पाटाच्या दुसऱ्या टोकावर उभी राहिले आणि उजवा पाय टाकला. धप्. मग पुन्हा. पहिल्या दोन ओळींत माझा ठेका चुकला. बुवा थांबले, "सावकाश," म्हणाले आणि पहिल्यापासून सुरू झाले.

बुक्क्याची गिरकी थांबली.

त्याचा एक पुढचा पाय पाटाच्या कडेवर होता. तो तसाच उभा राहिला, मान खाली, जणू पाण्यात पाय बुडवून अंदाज घेतोय. मी ठेका सोडला नाही. मग त्यानं मागचे पाय हळूहळू दुमडले, आधी एक, मग दुसरा, हाडं वाजवत खाली बसला. आणि हनुवटी पाटावर टेकली. डोळे मिटले.

प्रमिला भिंतीला टेकून खाली बसली. तिनं हात जोडले की नुसते एकमेकांत धरले, मी नीट पाहिलं नाही. माझं लक्ष पायाकडे होतं. मांडवातल्या झांजा खिडकीतून येत होत्या आणि त्यांचा ठेका वेगळाच होता. तिकडे कान गेला की माझा पाय चुके. म्हणून मी प्रमिलाला खिडकी लावायला सांगितलं. कीर्तन चालू असताना मी आयुष्यात पहिल्यांदा खिडकी लावायला सांगत होते.

किती वेळ झाला कोण जाणे. घोट्यापासून कंबरेपर्यंत ठणका लागला होता. बुवांचा आवाज पातळ होत गेला आणि मग फोनमधून ते म्हणाले, "थांबवा."

मी पाय थांबवला.

बुक्क्यानं डोळे उघडले. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदूचं दूध. मग तो उठला. पुढचे पाय घसरले, पुन्हा उठला, आणि पाटावरून माझ्या दिशेनं चालत आला. थाळीकडे नाही. माझ्या पायाशी येऊन उभा राहिला आणि पांढरं पडलेलं डोकं वर करून कपाळ पुढं केलं.

"अक्का," प्रमिला म्हणाली, "डबी." ती आधीच देवघरात गेली होती.

मी चिमटीत बुक्का घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला. पिकल्या केसांत तो पुन्हा थोडा काळा झाला. मग तो वळला, नाक खाली धरून वास घेत घेत थाळीपर्यंत गेला.

फोन अजून चालू होता. बुवांनी काहीतरी विचारलं. एकच शब्द होता.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. फोन उचलला, थाळीजवळ खाली बसले आणि तो ताकभाताच्या अगदी काठाशी धरला.

थाळी फरशीवर सरकत होती. जीभ भांड्यावर घासत होती. तो घाईनं खात होता, मध्ये ठसका, पुन्हा घाईनं. थाळी रिकामी झाल्यावरही तो ती चाटत राहिला, आणि मी फोन तिथंच धरून बसले.